घोडदळी सासरे आणि जपानी लायसन्स

माझे सासरे आमच्याकडे इचिकावाला राहायला आले तेव्हा जाकिटाच्या आतल्या खिशात पुण्यातल्या गाडीची किल्ली घेऊन आले. गाडी पुण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कव्हरखाली. किल्ली जपानात. मी विचारलं, "बाबा, ही कशाला आणलीत?" तर म्हणाले, "मागे ठेवली असती तर तुझ्या नवऱ्यानं परस्पर गाडी विकून टाकली असती." नवरा समोरच बसला होता. तो मान खाली घालून आमटी ढवळत राहिला, म्हणजे बाबांचा अंदाज बरोबर होता.

बाबा सैन्यात रिसालदार होते. नगरला त्यांनी कित्येक पोरांना रणगाडा चालवायला शिकवलं. आता पंच्याहत्तरी उलटली होती आणि गाडीनं अलीकडे एकेक पराक्रम सुरू केले होते. आधी सोसायटीच्या गेटचा खांब, मग कुणाची तरी उभी स्कूटर, मग इस्त्रीवाल्याची हातगाडी. दर वेळी चूक समोरच्याची. खांबाबद्दलही त्यांचं म्हणणं होतं की तो पुढे आला. नवरा फोनवर विनवून थकला. "रणगाडा चालवलेल्या माणसाला तू चार चाकांवरून उतरवणार?" एवढं बोलून बाबा फोन ठेवून द्यायचे.

त्यात नवऱ्याला स्वतःला गाडी येत नाही. बाबांनी त्याला एकदाच शिकवायला नेलं होतं. त्या दिवशी बापलेक दोन वेगळ्या रस्त्यांनी चालत घरी आले आणि गाडी चौकात उभी राहिली, ती शेजाऱ्यांनी आणली. तेव्हापासून नवरा ट्रेनवर प्रेम करतो. तोयोसुला ऑफिसला जाताना दारात माणसं कोंबली जात असली तरी तो खूश असतो.

गाडी चालवणारी मी. पुण्यात मी वर्षानुवर्षं गाडी चालवली, लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी चालवली. इथे मात्र भारतीय लायसन्सचं जपानी लायसन्स करून घ्यायला परीक्षा द्यावी लागते आणि त्या परीक्षेत मी पुन्हा पुन्हा आपटत होते. पहिल्या वेळी तर गाडी जागची हलण्याआधीच. बसण्याआधी गाडीभोवती फिरून खाली वाकून बघायचं असतं, मी थेट दार उघडून बसले. पुढच्या वेळी थांब-रेषेवर मी थांबले असं मला वाटलं, परीक्षकाला वाटलं नाही. दर वेळी ते कमरेत वाकून "झान्नेन देसु ने" म्हणायचे, म्हणजे फार वाईट वाटतं हो. मला त्या वाकण्याचाच राग यायचा.

हे सगळं बाबांना आल्या आल्या कळलं आणि ते इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. त्याच जेवणावर नवऱ्यानं पुन्हा गाडीचा विषय काढला. बाबांनी थालीपीठाचा तुकडा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "ठीक आहे. सूनबाई ही परीक्षा ज्या दिवशी पास होईल त्या दिवशी किल्ली तिची. मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. पण तोवर या घरात माझ्या गाडीचं नाव काढायचं नाही."

नवऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, त्याला माझा इतिहास आठवला आणि चेहरा पुन्हा होता तसा झाला. मला दोघांचाही संताप आला. म्हणजे एकानं माझ्या नापास होण्यावर गाडी लावली होती आणि दुसऱ्याला ती पैज बापच जिंकणार याची खात्री होती. मी भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात घुटमळायला लागले. "नक्की काय चुकतं गं तुझं?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. "सहज विचारतो. बसून दाखव." वाईट ड्रायव्हिंग समोर असताना गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी जेवणाच्या खुर्चीवर बसले, हातात स्टिअरिंग म्हणून पोळपाट घेतला आणि तोंडानं सांगत सांगत परीक्षेचा सगळा रस्ता चालवून दाखवला. बाबांनी उंच स्टूल ओढलं, माझ्या पाठीमागे ठेवलं आणि त्यावर बसून दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर ठेवले. लोकरीच्या मोज्यांसकट.

"बाबा!"

"हलू नको. हा दोन माणसांचा रणगाडा आहे."

मग त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. आजोबा इंग्रजांच्या काळात घोडदळात साधे स्वार होते. पहिलं महायुद्ध संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वर्षांत जगभरच्या घोडदळांची पंचाईत झाली होती. मशीनगनपुढे घोडा टिकत नाही हे दिसत होतं आणि साहेबांचा जीव घोड्यातून निघत नव्हता. तेव्हा त्यांनी घोडेस्वारांसाठी वेगळे रणगाडे काढले. लहान, चपळ, पातळ पत्र्याचे. काहींत जेमतेम दोन माणसं मावायची. ड्रायव्हर खाली आणि कमांडर त्याच्या डोक्याशी. इंजिनचा आवाज इतका की शेजारच्याचं ओरडणंही कळायचं नाही. म्हणून कमांडर बुटानं बोलायचा. डाव्या खांद्यावर बूट दाबला की डावीकडे, उजव्या खांद्यावर दाबला की उजवीकडे, दोन्हींवर एकदम दाबला की थांब.

आजोबांचा घोडा काढून घेतला आणि त्यांना अशा एका डब्यात बसवलं. स्टिअरिंगचं चाक नव्हतंच, दोन दांडे होते, डावा ओढला की गाडी डावीकडे वळायची. पहिल्याच दिवशी थांबायचा हुकूम आला तेव्हा आजोबांनी अंग मागे टाकून लगाम खेचावे तसे दोन्ही दांडे खेचले आणि "होss, होss" केलं. रणगाडा जागच्या जागी थांबला. "लॉरी चालवणारे शिकलेसवरलेले खड्ड्यात गेले," बाबा म्हणाले, "आणि माझा बाप थांबला." ही गोष्ट सांगताना त्यांनी आनंदाच्या भरात माझ्या दोन्ही खांद्यांवर पाय दाबले, म्हणून मीही थांबले.

शिकवणी सुरू झाली. नवरा बाहेर पडला की आम्ही खुर्ची मांडायचो. बाबांचं सगळं घोडदळी शास्त्र होतं. हलक्या रणगाड्याचं चिलखत पोह्याच्या डब्याइतकं, त्यानं मारामारी करायची नसते. पायदळाचे रणगाडे जाड कपाळाचे, त्यांनी धडक द्यावी. घोडदळानं पुढे जायचं, बघायचं आणि कुणाला दिसायच्या आत परतायचं. "तू चालवतेस चांगली," ते म्हणाले, "पण बघत नाहीस. नुसते डोळे फिरवतेस. डोळे फिरवलेले शेजारच्याला कसे कळणार? मान फिरव. हनुवटी खांद्याला लागली पाहिजे. आणि तोंडानं सांग. डावं साफ! उजवं साफ!"

आता हेच मला परीक्षकानं दर वेळी वाकून सांगितलं होतं आणि मी ते जपानी नाटक म्हणून सोडून दिलं होतं. बाबांना ते नाटक वाटलंच नाही. स्टेशनवर पहिल्यांदा त्यांनी ट्रेनच्या गार्डला पाहिलं, पांढरा हातमोजा घातलेलं बोट फलाटाकडे रोखून तो "योशी!", म्हणजे ठीक आहे, असं मोठ्यानं म्हणत होता. बाबा तिथेच थबकले. "हा आपल्यातला माणूस आहे," म्हणाले आणि त्याला सलाम ठोकायला निघाले होते, मी बाही धरून आवरलं.

एके दिवशी दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ उभे होते. एकटे राहतात, कचरा चुकीच्या दिवशी टाकला की फार दुःखी होतात, एवढीच त्यांची ओळख. वाकून म्हणाले, "तुमच्याकडे रोज सकाळी फार उत्साह असतो." इथल्या सभ्यतेत याचा अर्थ, तुमचं ते धडाडधूम बंद करा. मी माफी मागायला वाकले, तेव्हा माझ्या पाठीवरून त्यांना आत दिसलं. खुर्ची, पोळपाट, मागे उंच स्टुलावर बाबा आणि हवेत तरंगणारे त्यांचे मोजे.

"सेन्शा?" त्यांनी हळूच विचारलं. रणगाडा?

खोटं बोलायला वावच नव्हता. मी हो म्हटलं. ते खाली गेले आणि एका ट्रेमध्ये छोटे छोटे रणगाडे मांडून परत आले, सगळे प्लास्टिकचे, स्वतः जोडून रंगवलेले, चिखलाच्या शिंतोड्यांसकट. मोठे, नावाजलेले रणगाडे सगळेच करतात म्हणाले, ते फक्त घोडदळाचे करतात, दोन युद्धांच्या मधले. कारण काय, तर कुणालाच त्यांचं फार कौतुक नव्हतं.

बाबांनी चष्मा पुसून त्यातला एक तळहातावर घेतला. मग दोन म्हाताऱ्यांचं जे सुरू झालं त्यात दुभाषी मी. माझं जपानी सुपरमार्केट आणि कचऱ्याचं वर्गीकरण इथवरच पोचलेलं, त्यामुळे चिलखताला मी बरणीचं झाकण म्हटलं. त्यांना कळलं. त्यांनी सांगितलं की जपानी सैन्यात रणगाडा हा पायदळाचा मान, म्हणून घोडदळानं आपल्या रणगाड्याला जड चिलखती गाडी म्हणायला सुरुवात केली. बाबांनी मांडीवर थाप मारली. अमेरिकेत तर कायदाच होता, बाबा म्हणाले, रणगाडे पायदळानंच ठेवायचे. मग तिथल्या घोडदळानं आपल्या रणगाड्यांना लढाऊ गाड्या म्हटलं आणि खुशाल चालवले. "सगळ्या जगातलं घोडदळ एकाच जातीचं! नाव बदलायचं आणि काम उरकायचं!" मी भाषांतर केलं तसे खालचे आजोबा तोंडावर हात ठेवून हसत सुटले.

दुसऱ्या दिवसापासून तेही यायला लागले. माझ्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून, हातात पॅड आणि पेन घेऊन ते परीक्षक झाले. परीक्षकाचा तो कोरडा आवाज, चूक झाली की दातांतून आत ओढलेला श्वास, सगळं हुबेहूब. त्या श्वासाला मी बाबांच्या लाथेपेक्षा जास्त घाबरायचे. संध्याकाळी नवरा तोयोसुहून दमून आला की बसायला खुर्ची नसायची, सगळ्या रणगाड्यात लागलेल्या.

त्यानं एकदा बाबांना हळूच विचारलं, "बाबा, ती पास झाली तर किल्ली जाणार. लक्षात आहे ना?"

"मला चुकीचं शिकवता येत नाही," बाबा म्हणाले. पण मग त्यांचा हात जाकिटाच्या खिशावर जाऊन राहिला. माझं तिकडे लक्ष गेलं आणि नंतर रोजच जायला लागलं.

सासूबाई गेल्यापासून बाबा पुण्यात रोज सकाळी गाडी काढून टेकडीच्या पायथ्याशी जायचे. उतरायचे नाहीत. थर्मासमधला चहा गाडीतच प्यायचे, पेपर वाचायचे आणि भाजी घेऊन परत यायचे. सासूबाईंच्या सीटवर भाजीची पिशवी असायची. मी इतकी वर्षं त्याला हट्ट म्हणत आले होते. आता मी पास झाले की ही सकाळ संपणार होती आणि ती संपवायला मला तेच शिकवत होते. मला ते सहन होईना. भांडी पुसता पुसता मी नवऱ्याला म्हटलं, "मी मुद्दाम नापास झाले तर?"

तो म्हणाला, "मग एक दिवस खांबाच्या जागी कुणाचं तरी लेकरू असेल."

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी त्याच्याशी आणखीनच चिडून बोलले.

परीक्षेच्या दिवशी बाबा टाय लावून तयार. मी येतो म्हणाले, परीक्षा केंद्राच्या वरच्या खिडकीतून परीक्षेचं मैदान दिसतं म्हणे. ट्रेनमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. काही वेळानं ते समोरच्या जाहिरातींकडे बघत म्हणाले, "एक सांगू? ते मान फिरवणं, ओरडणं, आज जाऊ दे. जास्त केलं तर हसतील. तू आपली पुण्यात चालवतेस तशी चालव."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते जाहिरातीच बघत होते, त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नसताना. मला कळलं. मला त्यांचा राग आला नाही, उलट त्यांचा हात धरावासा वाटला. मी फक्त "बरं बाबा" म्हटलं.

उतरल्यावर ते जिन्यात मधेच थांबले. मागची सगळी गर्दी दोन्ही बाजूंनी वळून जायला लागली. "मगाचं विसर," ते म्हणाले. "हनुवटी खांद्याला. आणि ओरडायचं ते पोटातून."

मी गाडीभोवती फिरले, वाकून खाली बघितलं, बसले, पट्टा लावला. मागच्या सीटवर माझ्यानंतर परीक्षा देणारा एक तरुण बसला होता, कुठल्या देशाचा कोण जाणे, आधीच घामाघूम. मी मान फिरवली, हनुवटी खांद्याला टेकवली आणि माझ्या तोंडून दणदणीत मराठी बाहेर पडलं, "डावं साफ!"

मागचा तरुण सीटवरून उडाला. परीक्षकाचं पेन थांबलं. आता मागे फिरणं शक्यच नव्हतं, म्हणून मी प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात ओरडत गेले. उजवं साफ! मागे साफ! नागमोडी वळण गेलं, काटकोनी गल्ली गेली, थांब-रेषेवर मी अशी थांबले की बाबांच्या वडिलांचा रणगाडाही असा थांबला नसेल. मुद्दाम नापास होण्याचा विचार कुठे गेला ते मला कळलंच नाही. इतकं नीट शिकवलेलं वाया घालवायला माझा हात धजावला नाही.

गाडी उभी केल्यावर परीक्षकानं विचारलं, तुम्ही हे काय म्हणत होतात? मी सांगितलं, आमच्याकडचं योशी. त्यानं थोडा विचार केला. "आवाज मोठा होता," तो म्हणाला, "पण तुम्ही खरंच बघत होतात." मी पास झाले होते.

वर बाबा खिडकीशी उभे होते. "काटकोनात मागचं चाक जरा आत आलं," एवढंच अभिनंदन. संध्याकाळी नवऱ्यानं केक आणला, खालचे आजोबाही आले, त्यांनी मला एक रंगवलेला छोटा रणगाडा दिला. किल्लीचं नाव कुणी काढलं नाही. नवऱ्यानं तोंड उघडलं तेव्हा मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. मी ती किल्ली कधीच मागणार नव्हते.

रविवारी मी तासाच्या भाड्याची एक छोटी गाडी घेतली आणि बाबांना फिरवायला नेते म्हटलं. नवरा घरीच थांबला. पार्किंगमध्ये बाबा सवयीनं सरळ उजव्या दाराशी गेले आणि हँडलवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी हात काढला, गाडीला पुढून वळसा घातला आणि डावीकडे येऊन बसले. पट्टा लावला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाबा, राहू दे. मी मागितली का?"

"मला उजवा आरसा दिसत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं असेल. त्या डोळ्यात काही राहिलं नाही. खांब कुठला पुढे येतोय?"

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पोरानं किल्ली काढून घेतली असती. माझ्या बापाचा घोडा काढून घेतला, ते तो मरेपर्यंत सांगत होता. मला काढून घेतलेली नको होती. पैजेत हरलो म्हणून दिली, त्यात इज्जत आहे. म्हणून पैज लावली." मग त्यांनी नाक ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. "पण तू इतकी वाईट चालवायचीस की हरण्यासाठीसुद्धा मलाच शिकवावं लागलं."

"आणि ट्रेनमध्ये?"

"ट्रेनमध्ये धीर सुटला."

मी हसायला लागले आणि हसता हसताच मला रडू आलं, आणि मग ते थांबेचना. लायसन्स त्यांच्या हातात ठेवून द्यावं आणि सगळं होतं तसं करून टाकावं असं वाटत होतं. बाबांनी खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

"डोळे पूस आधी," ते म्हणाले. "मग निघू. मला कुठे जायची घाई नाही आता."